त्र्यंबकच्या चिखलातून आल्यापासून जुनी फोर-बाय-फोर जीप आवाज करते आहे. मेकॅनिक मागचं डिफरन्शियल खोलायचं म्हणतो. खोलू का?

आत्ताच खोलू नका. तुम्ही लिहिलेले आवाज दोन आहेत आणि मेकॅनिकने ते एकाच खात्यावर टाकलेले दिसतात. फोर-व्हील टाकून डांबरावर वळताना गाडी धक्के खाते आणि खालून ‘धडाड’ होतं, हा एक. टू-व्हीलमध्ये हळू चालवताना ‘चिंव चिंव’ येतं आणि वेग वाढला की ऐकू येत नाही, हा दुसरा.

पहिला बहुतेक बिघाड नाहीच. जुन्या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टच्या मधे डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दात्यांची पेटी) नसतं, त्यामुळे फोर-व्हील टाकलं की दोन्ही शाफ्ट सारख्याच वेगाने फिरतात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. चिखलात चाक जरा घसरून हा फरक पचवतं. नाशिकच्या गंगापूर रोडच्या कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, मग शाफ्टमध्ये पीळ भरत जातो आणि सुटला की धडाड. नंतर फोर-व्हीलची लिव्हर निघत नसेल तर तीही याच पिळाने अडकलेली असते. स्टिअरिंग सरळ करून चार-पाच मीटर रिव्हर्स घ्या. पुढचे टायर नवे आणि मागचे गुळगुळीत असतील, तर सरळ रस्त्यावरही हेच होईल, तेवढं बघून घ्या.

खरा शोध ‘चिंव चिंव’चा. यापायी माझे पैसे गेलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्याही गाडीचा आवाज मागून येत होता, म्हणून मागचं डिफरन्शियल खोललं, बेअरिंगं बदलली, नवं ऑइल भरलं. गॅरेजमधून घरी येईपर्यंत चिमणी परत गाडीखाली हजर! शेवटी निघाला काय, तर प्रॉपेलर शाफ्टचा (चाकांकडे ताकद नेणारा तोच दांडा) पुढचा क्रॉस, म्हणजे त्याच्या वाकत्या सांध्यातला अधिक-चिन्हासारखा तुकडा. काही शे रुपयांचा माल. लोखंडी बॉडीत आवाज कुठून कुठे जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे ‘मागून येतोय’ यावर फार विसंबू नका.

सुट्टीच्या दिवशी अंबड एमआयडीसीत जा. रस्ते मोकळे असतात आणि कंपन्यांच्या लांबलचक भिंती असतात. भिंतीला लागून, काचा खाली करून, ताशी १० किलोमीटरने चालवा. भिंतीवरून आवाज स्वच्छ परत येतो. आता मोजा. या वेगाला चाक सेकंदाला एकदा किंवा थोडं जास्त फिरतं, प्रॉपेलर शाफ्ट त्याच्या साधारण चौपट. बोटं मोडत आरामात मोजता आला तर आवाज चाकाकडचा: ब्रेक, हब, बेअरिंग. मोजता मोजता बोट अडखळलं तर शाफ्टचा. मग ब्रेकवर नुसता पाय टेकवा. आवाज बदलला किंवा बंद पडला तर आधी ब्रेक बघा. पुढच्या चाकांचे हब हाताने लॉक-फ्री करायचे असतील तर ते फ्री करून पुन्हा एक फेरी मारा. टू-व्हीलमध्ये हब फ्री असले की पुढचा शाफ्ट आणि डिफरन्शियल थांबलेले असतात. तरीही आवाज आला तर पुढच्या शाफ्टचं नाव यादीतून काढा.

शाफ्टचा निघाला तर गाडी सपाटीवर घेऊन चाकांना पुढून-मागून दगड लावा, इंजिन बंद आणि गिअर न्यूट्रल करून खाली शिरा. शाफ्ट हाताने पिळून बघा. अख्खा शाफ्ट थोडा हलेलच, ती डिफरन्शियलच्या दात्यांमधली मोकळीक असते, तिला घाबरू नका. बघायचं ते क्रॉस आणि त्याच्या टोकांवरच्या टोप्यांमध्ये, म्हणजे कपमध्ये. तिथे मोकळी हालचाल नको. कपाच्या कडेला तांबूस भुकटी दिसली तर चोर सापडला. आतल्या बेअरिंगच्या सुया पाण्याने गंजल्या की तीच भुकटी बाहेर येते. ग्रीस निपल असेल तर चारही कपांतून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा. एखाद्या कपातून आलंच नाही तर क्रॉस बदला. शाफ्ट उतरवण्याआधी जोडावर खुणा करायला लावा, नाहीतर चिमणी जाईल आणि थरथर येईल.

डिफरन्शियलचा आवाज असा नसतो. ते हुंकारतं, आणि ॲक्सिलरेटर दिला की एक सूर, सोडला की दुसरा. तरी तुम्ही पाण्यातून गाडी नेली असेल तर ऑइल बघाच. डिफरन्शियलचं गरम हौसिंग (बाहेरचं कवच) थंड पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची वाट) तुंबला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. ऑइल ताकासारखं दिसलं तर लगेच बदला. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळपट मऊ लेप चालतो. दात्याचे तुकडे निघाले, तर मात्र मेकॅनिकचं ऐका.

आणि एक चाक जॅकवर उचलून, गाडी गिअरमध्ये टाकून आवाज ऐकायला कोणी सांगितलं तर करू नका. गाडी जॅकवरून सुटू शकते.

मोजून झालं की सेकंदाला किती आले ते इथे कळवा, पुढचं सांगतो.