काकांची ट्रायल्स बुलेट: आधी आरसी, मग इंजिन

प्रश्न : मी कळव्याला राहतो, वय ३९, नोकरी महापेला. बायकोही नोकरी करते. दोघांचे मिळून महिन्याला १,१२,००० रुपये हातात येतात. घराचा हप्ता ४१,०००, घरखर्च ३८,०००, मुलीची शाळा-क्लास (ती सहावीत आहे) आणि आईची औषधं मिळून १२,०००, एसआयपी १०,०००. बँकेत २,४०,००० ची एफडी आहे. माझ्या काकांची १९७२ ची बुलेट ३५० खारेगावच्या जुन्या घराच्या पडवीत बारा-तेरा वर्षं उभी आहे. तरुणपणी त्यांनी ती ट्रायल्ससाठी (दगड-चढांतून गाडी काढायची स्पर्धा) करून घेतली होती : वर उचललेला सायलेन्सर, अ‍ॅल्युमिनियमचे मडगार्ड, एकट्यापुरती सीट. काका चार वर्षांपूर्वी गेले. काकू म्हणतात, तूच घेऊन जा. मेकॅनिकने सगळं मिळून १,८०,००० सांगितले आहेत. एक गृहस्थ आहे तशी ९५,००० ला मागतात. १,५०,००० चं पर्सनल लोन घेऊ (१४ टक्के, ३ वर्षं), एफडी मोडू, की वर्षभर एसआयपी थांबवू? बायको म्हणते, आणखी हप्ता नको. मेव्हणा म्हणतो, ट्रायल्स बुलेटला लाखांत भाव आहे, पैसे वसूल होतील.

नमस्कार. तुम्ही दिलेल्या तीन वाटांपैकी एकही नको, पण गाडी मात्र करा. महिन्याच्या शिल्लकेतून, वीसेक महिन्यांत, आणि मेकॅनिकच्या आकड्यापेक्षा बऱ्याच कमी पैशांत ती उभी राहू शकते. अट एकच : कागद नीट झाल्याशिवाय गाडीवर एक रुपयाही घालायचा नाही.

ही गाडी आज कायद्याने तुमची नाही. आरसी (नोंदणीचं प्रमाणपत्र) काकांच्या नावावर आहे, म्हणजे ती त्यांच्या वारसांची, काकूंची आणि त्यांच्या मुलांची. त्या गृहस्थांनी देऊ केलेले ९५,००० सुद्धा त्यांचेच. काकूंनी तोंडी ‘घेऊन जा’ म्हटलं त्यात प्रेम आहे, पण उद्या तुम्ही गाडीवर लाखभर घातले आणि चुलतभावंडांपैकी कोणाला ती हवीशी वाटली, तर नातंही जाईल आणि पैसेही. म्हणून आधी सगळ्यांना एकत्र बसवा, ९५,००० ची मागणी आली आहे हे त्यांना स्पष्ट सांगा, आणि तरीही गाडी तुम्हालाच द्यायची असेल तर तसं लिहून सह्या घ्या. मग फॉर्म ३१ भरून गाडी काकूंच्या नावावर, आणि फॉर्म २९ व ३० भरून त्यांच्याकडून तुमच्या नावावर. मालकाच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत हा अर्ज करायचा असतो. चार वर्षं उलटली आहेत, म्हणजे थोडा दंड आणि दोन-चार फेऱ्या गृहीत धरा.

त्याहून मोठा खर्च आरसीच्या नूतनीकरणात लपलेला असू शकतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपेक्षा जुन्या मोटरसायकलला त्यासाठी २,००० रुपये लागतात. ते परवडतं. पण मुदत संपल्यावर अर्ज करायला उशीर झाला तर नियमात मोटरसायकलसाठी दरमहा ३०० रुपये जादा शुल्क आहे. कागदोपत्री १२ वर्षांचा उशीर निघाला तर ते ४३,२०० होतात, इंजिनाच्या कामाच्या जवळपास. शिवाय पर्यावरण कर वेगळा. तेव्हा काकांची आरसी काढा, शेवटची मुदत कधी संपली ते बघा आणि ज्या आरटीओत नोंदणी आहे तिथून पूर्ण देणं किती ते लेखी घ्या. नंबर १९७२ चा, म्हणजे एमएच-०४ वगैरे मालिका सुरू होण्याच्या खूप आधीचा. इतक्या जुन्या गाड्यांची नोंद पुष्कळदा ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत चढलेलीच नसते, आधी बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद संगणकात चढवणं) करून घ्यावी लागते. चेसिस आणि इंजिन नंबरवरचा गंज हलक्या हाताने साफ करून त्यांची पेन्सिलने छाप घ्या आणि आरसीवरच्या आकड्यांशी एकेक अक्षर ताडून बघा. ते जुळलं नाही तर हा बेत तिथेच थांबवायचा.

कोणीतरी तुम्हाला ‘व्हिंटेज’ नोंदणी सुचवेल. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या दुचाकी-चारचाकींसाठी २०२१ पासून ही सोय आहे : ‘व्हीए’ मालिकेचा नंबर, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. वय तुमच्या गाडीचं बसतं. पण गाडी मूळ रूपात असावी लागते, काकांनी ती बदलली आहे. आणि व्हिंटेज नंबरची गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतीच बाहेर काढता येते. तुम्हाला रविवारी सकाळी मुरबाडकडे जायचं असेल तर साधी नोंदणीच बरी.

आता मेकॅनिकचा कागद. तुम्ही त्याचा फोटो पाठवलात हे फार चांगलं केलंत. इंजिन फुल ५२,०००, रंग-क्रोम ४६,०००, चाकं-टायर-ब्रेक २४,०००, वायरिंग १४,०००, ‘सायलेन्सर, मडगार्ड, सीट ओरिजिनल’ ३१,००० आणि मजुरी १३,०००. माझी नजर त्या ३१,००० वर अडली. या ओळीत तो काकांची गाडी मोडून तिची शोरूममधली बुलेट करणार आहे.

ट्रायल्समध्ये वेगाला किंमत नसते. दगड, ओढे, चढ यांतून पाय जमिनीला न टेकवता गाडी हळू हळू काढायची. पाय टेकला की एक गुण दंड, कितीही वेळा टेकला तरी जास्तीत जास्त तीन, आणि गाडी थांबली किंवा पडली की पाच. म्हणून सायलेन्सर दगडाला लागू नये असा वर, मडगार्ड हलके, मागे जास्त दात्यांचं स्प्रॉकेट. बुलेटचा या खेळाशी जुना संबंध आहे : १९४८ साली इंग्लंडमध्ये कोलमोर कप ट्रायलमध्ये ती मागचं चाक वर-खाली हलू देणाऱ्या स्विंगआर्म सस्पेन्शनसह उतरली, आणि १९५२ व १९५७ मध्ये जॉनी ब्रिटन यांनी रॉयल एन्फिल्डवर स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली. मद्रासला बुलेट बनायला लागली १९५५ पासून. तुमच्या काकांनी हे सगळं माहीत असणाऱ्या माणसासारखी गाडी बांधली आहे. ते अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आणि ती सीट भंगारात गेली, तर ३१,००० खर्चून तुम्ही या गाडीतली एकमेव वेगळी गोष्ट गमावाल. ही ओळ पूर्ण खोडा. फक्त सायलेन्सरमध्ये जाळी आणि बफल (आवाज दाबणारा आतला पडदा) शाबूत आहे ना, हेडलाइट, हॉर्न, आरसे, नंबर प्लेट आहेत ना, एवढं बघा. नोंदवलेल्या रूपात बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने बंधन आहे, म्हणून तपासणीच्या आधी तिथल्या निरीक्षकांना गाडीचे फोटो दाखवून काय चालेल ते विचारून घ्या.

रंग-क्रोमचे ४६,००० मी १४,००० वर आणेन. टाकी आतून साफ, चेसिसला गंजरोधक आणि साधा काळा रंग, बस. या प्रकारच्या गाडीला चकचकाट शोभतही नाही. टाकीवरचा काकांच्या वेळचा रंग राहू द्या.

उरलं ते असं : इंजिन ५२,०००, रंग १४,०००, चाकं २४,०००, वायरिंग १४,०००, मजुरी १३,०००. एकूण १,१७,०००. जुन्या गाडीत अनपेक्षित काहीतरी निघतंच, म्हणून वर २० टक्के ठेवा. १,४०,००० धरून चालू.

इंजिनाचा आकडा मात्र उघडल्याशिवाय कोणीही खरा सांगू शकत नाही. हा ३४६ सीसीचा बिडाचा सिलिंडर आहे. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजल्यावर कळेल की पिस्टन स्टँडर्ड आहे की २०, ४०, ६० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइजपैकी कुठला. आधीच ६० बसलेला असेल तर पुढे बोअर करायला जागा नाही, स्लीव्ह (सिलिंडरच्या आत नवी नळी) टाकावी लागेल. क्रँक आणि बिगएंडचंही तसंच. म्हणून मेकॅनिकला फक्त इंजिन खोलण्याची मजुरी द्या, मापं लिहून घ्या, आणि मग पुढचं ठरवा. बोअरिंग आणि लेथचं काम वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे एमआयडीसीत स्वतः नेऊन करून घेतलंत तर मधला हात वाचतो. या इंजिनाची मांडणी पुढे अनेक दशकं तशीच चालत राहिली, त्यामुळे सुटे भाग मिळतात. नाही मिळालं तर कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार आहेतच. पार्ट नवे घ्याल ते पक्क्या बिलावर. सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, मेकॅनिककडची यादी त्याआधीच्या भावाची नाही ना हे विचारा. काढलेले जुने भाग परत मागा. आणि एकरकमी अ‍ॅडव्हान्स कोणालाही देऊ नका. एक काम, एक बिल, मग पुढचं.

आता पैसे कुठून. १,५०,००० चं लोन १४ टक्क्यांनी ३ वर्षं घेतलंत तर हप्ता सुमारे ५,१३० आणि एकूण व्याज साधारण ३४,५००. चाकं, टायर, ब्रेक नि वर रंगाचं निम्म्याहून जास्त काम होईल एवढं ते व्याज आहे. लोनचं दुसरं नुकसान मला जास्त खुपतं : सगळे पैसे एकदम खात्यात आले की काम थांबवता येत नाही. इंजिन उघडून वाईट बातमी आली तरी माणूस पुढेच जातो, कारण हप्ता तर सुरू झालेला असतो. तुमच्या पत्नी बरोबर सांगत आहेत.

एफडीला हात नको. एसआयपी सोडून तुमचा महिन्याचा अटळ खर्च ९१,००० आहे. २,४०,००० म्हणजे जेमतेम अडीच महिने, तेही घरी आई आजारी असताना. ती रक्कम उलट वाढायला हवी. एसआयपी वर्षभर थांबवली तर १,२०,००० कमी जमतील. मुलगी बारावी होईल तोपर्यंत, वर्षाला सरासरी १० टक्के धरले (हमी कोणीच देत नाही), तर ते सुमारे २ लाख झाले असते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी तेच पैसे लागतील.

तुमच्याच आकड्यांत महिन्याला ११,००० उरतात, त्यांचा हिशोब तुमच्या पत्रात नाही. त्यातले ४,००० अडीनडीच्या ठेवीत टाका, ७,००० गाडीच्या वेगळ्या खात्यात. २० महिन्यांत १,४०,००० होतात. पहिले ५-६ महिने कागदांतच जातील, तोवर इंजिनाचे पैसे बऱ्यापैकी जमतील. मग इंजिन, त्यानंतर चाकं-ब्रेक आणि वायरिंग, रंग सगळ्यात शेवटी. एखाद्या महिन्यात घरात खर्च निघाला तर गाडी एक महिना थांबेल, इतकंच. ट्रायल्सचे खास मऊ टायर घेऊ नका. ते अगदी कमी हवेवर दगडांत चालवायचे असतात, घोडबंदर रोडवर नाही. १९ इंची साधे टायर पुरेत.

गाडी चालू झाल्यावरचा खर्चही धरा. १५० ते ३५० सीसीला थर्ड पार्टी विम्याचा २०२२ पासूनचा दर वर्षाला १,३६६ रुपये अधिक जीएसटी आहे, त्यात ३४६ सीसी बसते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा हवा असेल तर इतक्या जुन्या गाडीची किंमत कंपनीशी बोलून ठरवावी लागते. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेटचे जीएसटीसह ५३१. पीयूसीला २००० सालच्या आधीच्या दुचाकीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे, कार्ब्युरेटर नीट लागला की अडचण येत नाही. तेल, प्लग, पॉइंट, केबल धरून वर्षाला आठ-दहा हजार बाजूला ठेवा.

मेव्हण्यांचं म्हणणं मनावर घेऊ नका. रॉयल एन्फिल्डने २०१९ मध्ये ‘बुलेट ट्रायल्स’ नावाने कारखान्यातूनच गाडी काढली होती, ३५० ची शोरूम किंमत १.६२ लाख होती. ती वेगळी गाडी. घरी बदललेल्या १९७२ च्या बुलेटला किती मिळतील हे समोरचा ग्राहक ठरवतो, आणि आज तुमच्याकडे असलेला खरा भाव एकच आहे, ९५,०००. घातलेले पैसे परत येतील या हिशोबावर हे काम करायचं असेल तर करू नका. काकांची गाडी पुन्हा चालावी म्हणून करायचं असेल, तर तुमचं घर ते झेपवू शकतं.

तोवर बिनपैशाची कामं करा. टाकीतलं सडलेलं पेट्रोल काढा. कोणालाही किक मारू देऊ नका. इतकी वर्षं उभ्या इंजिनात रिंगा सिलिंडरला धरलेल्या असतात, जोर लावला की तुटतात. प्लग काढून त्या भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडा, आठवडाभर मुरू द्या, मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने हलक्याने पुढे-मागे करा. चाकाबरोबर इंजिन हललं तर पिस्टन मोकळा आहे आणि तुमचे काही हजार वाचले. प्लॅस्टिकचं कव्हर काढून टाका, खारेगावच्या दमट हवेत त्याच्या आत पाणी धरतं. जुनी सुती चादर घाला.

आरटीओचा लेखी आकडा हातात आला की मला कळवा. तो १०,००० च्या आत असेल तर वरचं गणित तसंच चालवा. ४०,००० च्या आसपास गेला तर बेत आणखी सहा महिन्यांनी लांबेल, आणि तेव्हा काकूंना बरोबर घेऊन पुन्हा एकदा बसू.