ब्रश पोराच्या हातात द्या

माई, आमचा गणपतीचा कारखाना आहे, तीन पिढ्यांचा, सगळं शाडूचं काम. 2019 च्या पुरात तयार मूर्तींचा चिखल झाला. पाणी उतरल्यावर आम्ही दोघांनी खोऱ्यानं गाळ काढला आणि चतुर्थीपर्यंत जमतील तेवढ्या मूर्ती केल्या. 2021 ला परत तेच. कर्ज अजून फिटतंय. दोन वर्षांपूर्वी बायको आजारात गेली, गणपतीच्या तोंडावर. तेव्हापासून देवापुढं हात जोडवत नाहीत. घरी गणपती बसवत नाही. अंबाबाईला गेलो, जोतिबाला गेलो, आत काही हललं नाही. आणि लोक माझ्याकडूनच देव घेऊन जातात. ही फसवणूक नव्हे काय? काम चालूच आहे. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी रात्रीची करतो, पूर्वी ही दिवा धरून बसायची. पोरगं सतरा वर्षांचं, आखणी शिकवा म्हणून मागं लागलंय, पण त्याला मी हात लावू देत नाही. श्रद्धा परत कशी मिळवायची, तेवढं सांगा.
— एक मूर्तिकार, कोल्हापूर

दादा,

तुमचं पत्र चार पानांचं होतं, इथं थोडक्यात छापलंय. दीड पान पुराचं, एक पान कर्जाचं, उरलेलं देवाचं. पोराची एक ओळ. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली आणि मला तुमचा राग आला. बायको गेली हे तुम्ही लिहिलंत. त्या पोराची आई गेली, हे चार पानांत कुठंच नाही.

फसवणुकीचं आधी सांगून टाकते, कारण त्यात फार काही नाही. मूर्ती तुमच्या कारखान्यात असते तोवर माती असते. तिच्यात देव येतो तो त्या त्या घरी, पाटावर बसवून प्राणप्रतिष्ठा करतात तेव्हा. दीड दिवसानं किंवा गौरीबरोबर उत्तरपूजा झाली, अक्षता पडल्या, की परत ती माती. श्रद्धा लोक आपापल्या घरून घेऊन येतात. प्लॅस्टर देऊन शाडू म्हणून सांगितलं असतंत तर ती फसवणूक होती. तसं तुम्ही केलेलं नाही, पुरात सगळं विरघळलं ही त्याचीच साक्ष.

आता त्या ओळीकडं येते.

लहानपणी वडिलांबरोबर मी पाट द्यायला कुंभाराकडं जायची. आमचं घर ठरलेलं, त्यांचा कारखाना ठरलेला. पाटाच्या मागं खडूनं वडिलांचं नाव लिहायचे. रंगवून झालेल्या मूर्ती ओळीनं मांडलेल्या असायच्या आणि एकीलाही डोळे नसायचे. मला भीती वाटायची, वडिलांचा हात सोडायची नाही. एकदा संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा आखणी चालली होती. काका पाटावर बसलेले, हातात चार केसांचा ब्रश. टेकवायच्या आधी श्वास रोखायचे, रेघ ओढून ब्रश उचलला की सोडायचे. काकू शेजारी वायरीचा बल्ब धरून बसलेल्या. दोघं एक शब्द बोलत नव्हते. काकांनी मान जराशी कलवली की काकूंचा हात आपोआप पुढं सरकायचा. वडील एरवी दारातूनच हाका मारायचे, त्या दिवशी गप्प उभे राहिले.

तुमच्याकडं त्या दिव्याच्या जागी कोण असायचं, ते तुम्हीच लिहिलंय.

तुम्ही म्हणता श्रद्धा उरली नाही. मग आखणी दुसऱ्याला का देत नाही? ज्याला मूर्ती म्हणजे नुसता माल, तो डोळे पहिल्यांदा बाहेर देऊन मोकळा होतो, कारण सगळ्यात वेळ खाणारं काम तेच. तुम्ही साचा दिला, रंग दिला, डोळे मात्र दोन वर्षं कुणाला शिवू दिले नाहीत. रात्री, एकट्यानं, तिची जागा रिकामी ठेवून. तुमची श्रद्धा तिथं आहे, दादा. तुम्ही ती अंबाबाईच्या रांगेत आणि जोतिबाच्या डोंगरावर शोधत फिरलात आणि घरी येऊन तिच्यावर दार लावून घेतलंत. पोरगं बाहेर उभं आहे.

सतरा वर्षांचं पोरगं बापाला ‘मला आईची आठवण येते’ असं म्हणत नाही. ते म्हणतं, आखणी शिकवा. आई जिथं बसायची तिथं त्याला बसायचंय. आणि तुम्ही त्याला सांगता, हात लावू नको.

श्रद्धा आधी आली पाहिजे, मग हात जोडू, असं तुम्ही धरून बसलाय. नरसोबाच्या वाडीला पूर ओसरल्यावर कधी गेलात का? ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याशी पाणी 55 फुटांच्या वर होतं, धोक्याची पातळी 43 ची. तुमच्या कारखान्यातला शाडू घेऊन गेलेलं पंचगंगेचं तेच पाणी खाली वाडीला कृष्णेत मिसळलं. तिथं पाणी उत्तरेच्या दारानं आत शिरतं, दत्ताच्या पादुकांवरून जातं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, तेव्हा त्या पाण्यात स्नानाला माणसांची झुंबड उडते. दक्षिणद्वार सोहळा. आणखी वाढलं की पादुका दिसेनाशा होतात, देऊळ पाण्यात जातं. ओसरल्यावर मी गेलेय. चिखलाचा वास, निसरड्या पायऱ्या, खराटे आणि घमेली घेऊन राबणारी माणसं. देव बुडाला का, आपला विश्वास शाबूत आहे का, असं कुणी कुणाला विचारत नव्हतं. आधी गाळ काढायचा होता. तो निघाला, फरशी धुतली, मग पूजा.

2019 ला तुम्ही दोघांनी नेमकं हेच केलंत. त्या वर्षी चतुर्थी 2 सप्टेंबरला होती, पाणी उतरून नीट तीन आठवडेही हातात नव्हते. त्या दिवसांत तुम्हा दोघांच्या मनात देवाबद्दल काय होतं, मला माहीत नाही. पाट देऊन गेलेल्या माणसांना रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, एवढंच असेल. तेवढ्यावर तुम्ही उभे राहिलात.

म्हणून आणखी देवळं मी सांगणार नाही. उपास नको, पारायण नको. आज रात्री आखणीला बसाल तेव्हा पोराला हाक मारा. ब्रश त्याच्या हातात द्या आणि दिवा तुम्ही धरा.

तो चुकणार. एक डोळा मोठा होईल, बुबुळ वाकडं जाईल. तोंडातून ‘अरे, मूर्ती वाया घालवलीस’ निघू देऊ नका. तुमच्या पहिल्या मूर्तीचे डोळे कसे झाले होते, ते तुमच्या वडिलांनी बघितलंय. बिघडलेली मूर्ती मोडू नका, विकूही नका. यंदा चतुर्थीला ती आपल्या घरी बसवा. पहिलं वर्ष तुम्ही दुःखाचं म्हणून सोडलंत, ते बरोबर. दुसरं सोडायचं कारण नव्हतं, आणि तिसरं सोडलंत तर त्या पोराच्या घरातून आईबरोबर सणही गेला. हात जोडवले नाहीत तर जोडू नका. आरती तो म्हणेल, तुम्ही शेजारी उभे राहा.

आणि दिवा डावीकडून धरा, म्हणजे त्याच्या हाताची सावली डोळ्यावर पडायची नाही. पोरगं डावखुरं असेल तर उजवीकडून.

— माई