मुंबईत गच्चीवर मधमाश्या पाळायच्या तर पेटी आणि सामान कोणतं घ्यावं?

कांदिवलीतल्या सहा मजली सोसायटीच्या गच्चीवर एक पेटी ठेवायची आहे, ऑनलाइन एक ‘स्टार्टर किट’ कार्टमध्ये टाकून ठेवलंय, घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. एवढ्यात नको. आधी माशी ठरवा, मग पेटी. मी नेमकं उलटं केलं होतं.

मुलुंडला आमच्या गच्चीवर पहिली पेटी आली ती दहा चौकटींची (माश्या पोळं बांधतात त्या सुट्या लाकडी चौकटी), जाड लाकडाची, दिसायला झकास. ती निघाली लँगस्ट्रॉथ पेटी, म्हणजे मेलिफेरा या युरोपीय माशीच्या मापाची. मी तिच्यात बसवली सातेरी, आपली इथली, अंगाने लहान आणि वसाहतही छोटी. विकणाऱ्याने माशी कोणती ते विचारलं नाही, आणि मला विचारायचं सुचलं नाही. महिनाभरात माश्यांनी चार चौकटींवर कसंबसं बस्तान बसवलं. उरलेल्या चौकटींवरच्या मेणपत्र्यांवर मेणकिड्याने जाळी विणली, कारण तिकडे पहारा द्यायला माश्याच नव्हत्या. एका रविवारी वर गेलो तर दारात हालचाल नाही. पेटी उचलली तर हलकी. राणीसकट सगळ्या गेलेल्या. सातेरीला घर पटलं नाही तर ती सरळ सोडून जाते.

मापाचं एवढं काय, तर माश्या दोन पोळ्यांमध्ये आपल्याला फिरण्यापुरती फट राखतात. फट त्याहून मोठी असेल तर मध्येच वेडंवाकडं पोळं बांधून ती भरून काढतात. लँगस्ट्रॉथ नावाच्या मधपाळाने हे हेरलं आणि 1852 मध्ये अमेरिकेत हलत्या चौकटींच्या पेटीचं पेटंट घेतलं. पण ते माप त्याच्या माशीचं. मेलिफेराच्या एका पोळ्याच्या मध्यापासून शेजारच्या पोळ्याच्या मध्यापर्यंत साधारण 35 मिलिमीटर, सातेरीचं 31-32. तीन-चार मिलिमीटरने काय होतं? चौकट वर ओढलीत की शेजारच्या चौकटीला चिकटलेलं पोळं टर्रकन फाटतं, अळ्या आणि मध खाली सांडतो आणि माश्या तुमच्या तोंडावर येतात. मग कळतं.

तर मुंबईत सातेरीच घ्या. मेलिफेरा मध जास्त देते, पण तिच्या पेट्या फुलोऱ्यामागे गावोगाव हलवाव्या लागतात, ते गच्चीवरच्या हौशी माणसाचं काम नाही. तुम्ही पेटी ठेवलीत की शेजारी विचारणारच, ‘समोरच्या टॉवरला बाराव्या मजल्याच्या छज्ज्याखाली लटकलंय ते पोळं तुमच्या पेटीत टाका ना.’ ती आग्या माशी. ती आणि झुडपातली फुलोरी, दोघी उघड्यावर एकच पोळं बांधतात, पेटीत राहत नाहीत. आग्याच्या वाटेला तर जाऊच नका. सातेरी झाडाच्या ढोलीत, अंधारात समांतर पोळी बांधते, म्हणून तिला पेटी मानवते.

पेटीत खाली तळपाट, त्यावर पिलाव्याचा (अंडी-अळ्यांचा) कक्ष, त्यावर बुटका मधकक्ष, वर झाकण. विकत घेताना ‘सातेरीच्या मापाची’ असं बजावून सांगा आणि एक चौकट स्वतः आत-बाहेर करून बघा. बाकी जाळीची टोपी, माश्या शांत करायला धूर सोडायचं धुराडं, चौकटी सुट्या करायला पटाशी आणि मऊ ब्रश, बस. मध काढायचं यंत्र पहिल्या वर्षी घेऊ नका, लागलं तर कुणाकडून मागून आणा. जाड हातमोज्यांनी बोटांना अंदाज राहत नाही आणि माश्या चिरडतात. पण सुरुवातीला भीती वाटत असेल तर घाला, लाज कसली!

स्टँडचे पाय वाट्यांत ठेवा, नाहीतर मुंग्या आठवड्यात पेटी संपवतील. वाट्यांत नुसतं पाणी ठेवलंत तर डासांच्या अळ्या होतील आणि महापालिकेचा माणूस दारात येईल. गॅरेजवाल्याकडून वापरलेलं इंजिन ऑइल आणा. माश्यांना प्यायला मात्र खडे टाकलेली थाळी ठेवा आणि पाणी रोज बदला, म्हणजे त्या शेजाऱ्यांच्या एसीच्या पाइपवर जाणार नाहीत. दार पूर्वेकडे करा, पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिमेकडून झोडपतो. दुपारच्या उन्हात शेड हवीच. धूरफवारणीची गाडी येणार असेल तेव्हा तेवढ्यापुरती दाराला बारीक जाळी लावा.

पेटी दहा-पंधरा दिवसांतून एकदाच, उघडीप असताना सकाळी दहाच्या सुमारास उघडा. पाहुण्यांना दाखवायला रोज उघडाल तर माझ्यासारखे हात चोळत बसाल. धुराड्यात नारळाची सोडणं किंवा जुनं गोणपाट पेटवा, धूर थंड आणि पांढरा हवा. चौकट पेटीच्या वरच धरा, राणी पडली तर आतच पडेल. ऊन खांद्यावरून येऊ द्या आणि पोळ्यातल्या घरांच्या तळाशी बघा. पांढऱ्या दोऱ्याचा बारीक तुकडा उभा केल्यासारखं दिसतं ते अंडं. राणी शोधायला डोळे फोडू नका. अंडं तीन दिवसांत फुटतं, म्हणजे अंडी दिसली तर गेल्या तीन दिवसांत राणी तिथे होती. झाकण लावा, खाली या.

वसाहत शिकलेल्या मधपाळाकडूनच घ्या. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला मध संचालनालय. जमलं तर तिथून जवळच्या मांघरला एक दिवस काढा. 2022 मध्ये ते देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं.

सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या. मजल्यावर कुणाला डंखाची ॲलर्जी आहे का ते दार वाजवून विचारा. डंख बसला तर काटा नखाने खरवडून लगेच काढा. श्वास लागला, ओठ सुजले तर घरगुती उपाय न करता थेट हॉस्पिटल. समितीने नाहीच म्हटलं तर भिंतीच्या भोकात राहणारी डंखरहित माशी बघा. तिचा मध चमचाभर, पण चावण्याची तक्रार कोण करणार?

आणि मधाचा हिशेब आत्ता मांडू नका. मुंबईत फुलोरा खरा उन्हाळ्यात. जून ते सप्टेंबर माश्यांना बाहेर फारसं काही मिळत नाही. तेव्हा साखरपाणी द्यावं लागतं, म्हणून मेमध्ये पोळी काढताना मी निम्म्याहून जास्त मध आतच ठेवतो. गेल्या वर्षी आमच्या घरात आल्या त्या दोन बरण्या.