रेझिन ओतलं आणि धूर निघाला

प्रश्न: चार फुटी सागवानी रिव्हर टेबल (दोन फळ्यांच्या मधे रेझिनची 'नदी') करतोय, मधली नदी आठ इंच रुंद, दोन इंच खोल. दुकानातनं टेबलटॉपवर मारायचं रेझिन आणलं आणि मे महिन्यात भर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये एकदमच सगळं ओतलं. अर्ध्या तासात धूर, हात लावता येईना, पिवळं पडलं आणि मधोमध तडकलं. दुकानदार म्हणतो लाकूड ओलं होतं. पुढच्या वेळी हार्डनर (रेझिन कडक करायला त्यात मिसळतात ते) कमी घातलं तर चालेल का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर: हार्डनर कमी अजिबात नको! एपॉक्सीत, म्हणजे तुम्ही वापरलेल्या मालात, रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या मापातच जोडले जातात, कमी घातलं तर ते हळू सुकत नाही, कायमचं चिकट राहतं. आणि दुकानदाराचं म्हणाल तर ओल्या लाकडाने बुडबुडे येतात, धूर नाही निघत.

धूर निघाला तो उष्णतेमुळे. दोन्ही मिसळले की उष्णता तयार होते, पातळ थरात ती हवेत निघून जाते, पण दोन इंच जाडीत आत कोंडते, कारण एपॉक्सीतनं उष्णता लवकर बाहेर पडत नाही, मग आत तापलं की रिॲक्शन अजून पळते आणि अजून तापतं. त्यात जळगावचा मे. तुमची नदी म्हणजे साधारण साडेबारा लिटर माल, आणि तुम्ही आणलेलं रेझिन एका वेळी पाव इंचाच्या आत ओतायचं असतं.

तुम्हाला हवं ते डीप पोअर किंवा कास्टिंग रेझिन, म्हणजे जाड थरात ओतायचं. ते पातळ असतं, हळू सेट होतं, एक ते तीन दिवस घेतं, म्हणून बुडबुडेही वर यायला वेळ मिळतो. पण त्याच्याही डब्यावर एका थराची कमाल जाडी लिहिलेली असते ती आधी वाचा, किंमत नंतर. मोजायचं वजनकाट्यावर, पण डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं ते बघून, इथे बरेच जण फसतात. मिसळलेला माल बादलीत ठेवून चहाला जाऊ नका, बादलीत तो साच्यापेक्षा लवकर तापतो. काम पहाटे नाहीतर रात्री.

दुसरा थर कधी? बोट लावलं तर चिकट लागतं पण बोटाला येत नाही, तेव्हा. ती वेळ गेली आणि कडक झालं तर १२० चा पॉलिश पेपर मारून, पुसून मगच ओता. लाकडाच्या कडांना आधी रेझिनचा पातळ हात मारून ठेवा म्हणजे त्यातली हवा नदीत सुटत नाही.

तडकलेलं मात्र वाचत नाही, सुताराकडून नदी कापून काढा, फळ्या वापरता येतील. आणि ग्लोव्ह्ज नायट्राइलचे घाला, हार्डनरची ॲलर्जी एकदा झाली की सहसा जात नाही.

प्रश्न: लग्नातली वरमाला रेझिनमध्ये बसवली, महिन्याभरात गुलाब तपकिरी झाले. का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: फुलात पाणी राहिलं. वरून कोरडं वाटतं पण देठाजवळ ओलच असतं. सिलिका जेलमध्ये (ओल शोषणारे दाणे) फुलं पुरून डबा घट्ट बंद करा, पाकळी कागदासारखी वाजेपर्यंत. मग थराथराने ओता, नाहीतर फुलं तरंगून वर येतात. लाल गुलाब सुकवला तरी थोडा गडद होणारच.