शेअर बाजारातून धूर कुठून निघतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शेअर बाजार तर सगळा कॉम्प्युटरवर चालतो, ना भट्टी ना चिमणी, मग हे एक्स्चेंजवाले (म्हणजे शेअर बाजार चालवणाऱ्या कंपन्या) 'नेट झिरो'ची, म्हणजे आपलं कार्बन उत्सर्जन हिशोबात शून्यावर आणायची वचनं कशाच्या जोरावर देतात? की नुसती जाहिरात?

मी नागपूरच्या धंतोलीतल्या एका ऑफिसात बसून कंपन्यांच्या पर्यावरण अहवालांसाठी आकडे गोळा करतो. एक्स्चेंजचं काम कधी केलेलं नाही, पण हिशोबाची रीत सगळ्यांना एकच.

आधी चिमणीचं. मानकापूरहून कोराडी रोडला लागलं की समोर औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात, 660 मेगावॉटचे तीन संच आहेत तिथे. ती वीज नेमकी मुंबईच्या शेअर बाजाराला, दलाल स्ट्रीटला जाते असं नाही, पण देशाच्या ग्रीडमधलं एक युनिट वापरलं की सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड कुठे ना कुठे हवेत जातो. बाजार सव्वानऊ ते साडेतीन चालतो, सर्व्हर मात्र चोवीस तास सुरू आणि त्यांना थंड ठेवणारी यंत्रणाही. विकत घेतलेल्या विजेच्या या उत्सर्जनाला स्कोप 2 म्हणतात, आणि एक्स्चेंजच्या स्वतःच्या खात्यात मोठा वाटा याचाच असतो. त्यात एक गंमत आहे. मोठे ब्रोकर आपली मशीन एक्स्चेंजच्याच डेटा सेंटरमध्ये ठेवतात, ज्याला को-लोकेशन म्हणतात. त्या मशीनची वीज कोणाच्या नावावर धरायची? घरमालकाच्या की भाडेकरूच्या? अहवालात हिशोबाची हद्द कुठे आखली आहे ते वाचल्याशिवाय एकूण आकड्याला अर्थ नाही.

स्कोप 1 म्हणजे स्वतःच्या आवारातलं. जनरेटरचं डिझेल, लिटरमागे साधारण 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड. आणि एसीचा गॅस, जो सगळे विसरतात. मागे एका क्लायंटकडे मे महिन्याची बिलं चाळत होतो. आपला मे कसा असतो ते सांगायला नको. बिलावर लिहिलेलं, 'गॅस चार्जिंग – 1 नग'. आता नग म्हणजे किती किलो? मेकॅनिकला फोन लावला तर म्हणाला, "साहेब, प्रेशर बघून भरतो, वजन कोण करतं?" शेवटी त्याच्या सिलिंडरच्या हिशोबावरून दीड किलो निघाला. आर-410ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या 2,088 पट तापवणारा. म्हणजे त्या एका 'नगा'चे झाले 3.1 टन, जवळपास 4,400 युनिट विजेएवढे. गळालेला गॅस दिसत नाही, वास येत नाही, आणि बिलात एक ओळ.

उरलेलं सगळं स्कोप 3: विकत घेतलेला माल, विमानप्रवास, कर्मचाऱ्यांचं येणं-जाणं, असे एकूण 15 प्रकार. इथे लोकांचा एक गैरसमज असतो. एक्स्चेंजवर नोंदणी झालेल्या, म्हणजे तिथे ज्यांचे शेअर विकले जातात त्या सिमेंट आणि कोळसा कंपन्यांचं उत्सर्जन एक्स्चेंजच्या खात्यात चढत नाही. कळमन्याच्या यार्डात संत्रा विकला गेला म्हणून बागेतल्या पंपाचं बिल बाजार समितीच्या नावावर येतं का? तसंच. त्यामुळे 'आम्ही शून्यावर येऊ' हे वचन एक्स्चेंजला पोलाद कारखान्यापेक्षा कितीतरी सोपं जातं, आणि त्याचं कौतुकही बेतानेच करावं.

वचन वाचताना मी आधी आधारवर्ष बघतो, म्हणजे कोणत्या वर्षाच्या तुलनेत घट मोजणार ते. लंडन स्टॉक एक्स्चेंज समूहाने 2019 च्या तुलनेत 2030 पर्यंत उत्सर्जन निम्म्यावर आणायचं ठरवलंय. 2019 म्हणजे ऑफिसं भरलेली असतानाचं वर्ष, हे बरं. कोणाचं आधारवर्ष 2020-21 दिसलं तर जरा थांबा, तेव्हा ऑफिसं रिकामी होती. दुसरं, विजेचे दोन आकडे शोधा. एक ग्रीडच्या सरासरीने काढलेला, दुसरा हरित प्रमाणपत्रं (दुसरीकडे तयार झालेल्या सौर-पवन विजेचे विकत मिळणारे दाखले) वजा करून. पहिला तसाच राहून फक्त दुसरा खाली आला असेल, तर वीज कमी झालेली नाही, कागद विकत घेतलेत. 'कार्बन न्यूट्रल' हा शब्द तर मी जवळजवळ सोडूनच देतो, कारण त्यात बहुतेकदा दुसऱ्याच्या झाडांची क्रेडिट्स असतात, म्हणजे दुसऱ्याने शोषलेला कार्बन विकत घेऊन आपल्या खात्यातून वजा केलेला.

मग एक्स्चेंजचं खरं वजन कुठे? माझ्या मते नियमांत. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या 1,000 नोंदणीकृत कंपन्यांना बीआरएसआर हा पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आणि तो एक्स्चेंजकडे दाखल करावा लागतो. स्कोप 1 आणि 2 देणं भागच, स्कोप 3 मात्र ऐच्छिक ठेवलंय (तिथे बऱ्याच जणांचा रकाना रिकामा). माझ्यासारख्यांचं पोट त्यावर चालतं, हे कबूल. पैशाची वाटही एक्स्चेंजवरून जाते: आपल्या शेजारच्या इंदूर महापालिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून घेतलेलं कर्ज) काढले, नर्मदेचं पाणी उपसायला लागणाऱ्या विजेसाठी सौर प्रकल्प उभारायला, आणि त्यांची नोंदणी एनएसईवर, म्हणजे नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर झाली.

स्वतः पडताळायचं असेल तर बीएसईपासून, म्हणजे मुंबई शेअर बाजारापासून सुरुवात करा. ती स्वतःच एक नोंदणीकृत कंपनी आहे; आपल्याकडे एक्स्चेंजला स्वतःच्या फळ्यावर स्वतःचा शेअर लावता येत नाही, म्हणून 2017 पासून तो एनएसईवर विकला जातो. तिचा वार्षिक अहवाल उघडा, बीआरएसआरमधल्या तत्त्व 6 वर, म्हणजे पर्यावरणाच्या भागावर जा. दोन वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी छापलेले असतात. वरचं रंगीत पान सोडा, त्या तक्त्याखालची बारीक अक्षरातली टीप वाचा. हद्द कुठे आखली ते तिथेच कळतं.