ॲप्निया टेस्टला पहिल्यांदा उभी राहणार असशील तर

अगं, घाई अजिबात करू नकोस. आपल्या इंदूरला ग्रीन कॉरिडॉरचं (दान केलेले अवयव नेण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या रस्त्याचं) सगळ्यांना कौतुक, पण त्याआधी ही टेस्ट असते: ब्रेन-डेड वाटणारा पेशंट व्हेंटिलेटरशिवाय स्वतः श्वास घेतो का, ते बघायची. झोपेच्या किंवा स्नायू ढिले करणाऱ्या औषधांचा असर उरलेला नको, बीपी-टेम्परेचर ठीक हवं, 10 मिनिटं 100 टक्के ऑक्सिजन दे, रक्तातला कार्बन डायऑक्साइड 35 ते 45 mmHg मध्ये आण, मग व्हेंटिलेटर काढून नळीत बारीक कॅथेटरने ऑक्सिजन चालू ठेवायचा आणि 8-10 मिनिटं छाती-पोट उघडं ठेवून नुसतं बघत राहायचं. व्हेंटिलेटर लावलेलाच ठेवून स्क्रीनवर भरवसा नको, हृदयाच्या धडधडीलाही तो श्वास समजतो, मी फसलेय एकदा.

सिस्टॉलिक (वरचं) बीपी 90 च्या किंवा ऑक्सिजन सॅच्युरेशन 85 टक्क्यांच्या खाली गेलं तर लगेच थांब. शेवटी एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या वायू-तपासणीत) कार्बन डायऑक्साइड 60 किंवा वर, नाहीतर आधीपेक्षा 20 ने जास्त, आणि तरी श्वास नाही, तर टेस्ट पॉझिटिव्ह, म्हणजे ब्रेन-डेथकडे बोट. सीओपीडीवाल्यांमध्ये (फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांमध्ये) हे आकडे जपून वाच. आणि 6 तासांनी सगळं परत, कायदाच आहे तसा.

हो, नातेवाइकांसमोर ‘पॉझिटिव्ह’ म्हणू नकोस गं, त्यांना वाटतं चांगली बातमी आहे.