पासपोर्ट कुरिअरने पाठवू नका: थायलंडमधील वास्तव्याची मुदतवाढ आणि पत्त्याची वर्दी

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र आणि सोबत जोडलेल्या पासपोर्टच्या चार पानांच्या प्रती मिळाल्या. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून आपली अडचण आधी थोडक्यात मांडतो. आपले वय ६४ वर्षे असून आपण पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला आहात. मुलगी नोकरीनिमित्त चियांग माई येथे असल्याने गेली दोन वर्षे आपण तेथेच, निवृत्तीच्या कारणावर दरवर्षी मुदतवाढ घेऊन, भाड्याच्या घरात राहत आहात. धाकट्या भावाच्या बायपास शस्त्रक्रियेसाठी आपण तीन आठवड्यांपूर्वी कोल्हापुरास आलात. त्या खर्चासाठी तिकडच्या बँकेतील ८,००,००० बाटपैकी ४,६०,००० बाट काढावे लागले आणि आज खात्यात ३,४०,००० बाट उरले आहेत. वास्तव्याची मुदत संपण्यास ५२ दिवस आहेत. इमिग्रेशन कार्यालयाला दर नव्वद दिवसांनी पत्त्याची वर्दी द्यायची तारीख निघण्यापूर्वीच उलटून गेली होती, आणि घरमालकिणीने तेथे आपली नोंद कधी केलीच नाही, हेही आता लक्षात आले आहे. अशा वेळी तेथील एका एजंटाने ‘पासपोर्ट कुरिअरने पाठवा, खात्यात रक्कम दाखवून, दंड भरून, मुदतवाढीचा शिक्का मारून परत पाठवतो’ असे कळवले आहे, आणि ते करावे का, असा आपला प्रश्न आहे.

ते करू नये. मुदतवाढ ही थायलंडमध्ये प्रत्यक्ष हजर असलेल्या माणसाला मिळते. आपण राजारामपुरीत भावाच्या घरी असताना आपल्या पासपोर्टवर तेथील शिक्का उमटला, तर एकतर तो शिक्का बनावट असेल किंवा आपण देशात आल्याची खोटी नोंद करून तो मिळवलेला असेल. आपण भारतात कोणत्या दिवशी उतरलात याची नोंद विमानतळावर झालेली आहे, त्यामुळे दोन्ही नोंदी समोरासमोर ठेवायला कोणालाही फार वेळ लागणार नाही. काही वर्षांपूर्वी इचलकरंजीच्या एका गृहस्थांनी माझ्या टेबलावर असाच एक पासपोर्ट उघडून ठेवला होता. ज्या तारखेला ते आईच्या उशाशी रुग्णालयात बसून होते, त्याच तारखेचा परदेशात प्रवेश केल्याचा शिक्का त्यात होता, आणि तो कोणी व कसा मारला हे त्यांना सांगता येत नव्हते. शिवाय पासपोर्ट आपल्या नावाचा असला तरी पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १७ प्रमाणे तो केंद्र सरकारची मालमत्ता राहतो, आणि तो जाणूनबुजून दुसऱ्याला वापरू देणे हा कलम १२ खाली २ वर्षांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशा शिक्षेचा गुन्हा आहे. एजंटाच्या अर्जावर सही आपली असते आणि खोट्या विधानाची जबाबदारीही सही करणाऱ्याचीच असते. पासपोर्ट अजून पाठवलेला नाही ही आपल्या पत्रातील सर्वांत चांगली बातमी आहे.

आता मूळ अडचणीकडे येतो. आपल्या पत्रात तीन वेगवेगळ्या तारखा एकमेकींत मिसळल्या आहेत. आपण पाठवलेल्या तिसऱ्या पानावर मुदतवाढीचा शिक्का आहे आणि समोरच्या पानावर पुनःप्रवेश परवान्याचा, ज्यासाठी आपण १,००० बाट भरले. हा परवाना काढल्या दिवसापासून वर्षभर चालतो अशी आपली समजूत आहे. दोन्ही शिक्क्यांवरील शेवटची तारीख ताडून पाहावी, ती एकच आहे. पुनःप्रवेश परवाना नवी मुदत देत नाही, आपल्या अनुपस्थितीत जुनी मुदत फक्त जिवंत ठेवतो. ५१ व्या दिवशी आपण चियांग माईला उतरलात, तरी शिक्का त्याच जुन्या तारखेपर्यंतचा मिळेल.

तिसरी तारीख नव्वद दिवसांच्या वर्दीची. ही थायलंडच्या इमिग्रेशन कायद्याच्या, म्हणजे बौद्ध संवत २५२२ अर्थात इ. स. १९७९ च्या कायद्याच्या, कलम ३७ मधील अट आहे. देशात सलग ९० दिवस झाले की टीएम ४७ या फॉर्मवर पत्ता कळवायचा, आणि पुढे दर ९० दिवसांनी पुन्हा कळवायचा. निघण्यापूर्वी तीन दिवस आपण परवान्यासाठी त्याच कार्यालयात गेला होतात, म्हणून आपली हजेरी लागली असे आपल्याला वाटले. ही चूक का झाली असावी तेही मला दिसते. पहिली मुदतवाढ घेताना आपल्याला वेगळी वर्दी द्यावी लागली नव्हती, कारण मुदतवाढीचा पहिला अर्ज हाच त्या वेळची वर्दी मानला जातो. ती सवलत फक्त पहिल्या अर्जापुरती असते. त्यानंतर त्याच इमारतीत, दुसऱ्या खिडकीवर, दुसऱ्या कामासाठी कितीही वेळा गेले तरी वर्दी होत नाही.

स्वतः जाऊन वर्दी द्यायची असेल तर ठरलेल्या तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत मुभा असते. आपली तारीख विमानप्रवासाच्या ११ दिवस आधीची होती, म्हणजे कार्यालयात गेलात त्या दिवशी ती मुभाही एका दिवसाने संपलेली होती. यासाठी कायद्यात ५,००० बाटपर्यंत दंड आणि वर दिवसाला २०० बाटपर्यंत रक्कम सांगितली आहे, मात्र स्वतःहून गेलेल्या माणसाकडून सर्वसाधारणपणे २,००० बाट घेतले जातात. पुढच्या भेटीत तो मागितला गेल्यास भरावा, पावती जपून ठेवावी आणि ही गोष्ट मनातून काढून टाकावी. देश सोडल्याने नव्वद दिवसांची मोजणी थांबली आहे आणि पुढील प्रवेशाच्या दिवसापासून ती नव्याने सुरू होईल. आपण या चुकीने सर्वाधिक घाबरलेले दिसता, पण आपल्या प्रकरणातील ही सर्वांत हलकी बाब आहे.

जड बाब पैशांची आहे. निवृत्तीच्या कारणावरील मुदतवाढीसाठी वय ५० पूर्ण असावे लागते आणि थाई बँकेतील आपल्या खात्यात ८,००,००० बाट अर्जापूर्वी २ महिने पडून असावे लागतात. मुदतवाढ मिळाल्यानंतर ३ महिने ती रक्कम तशीच ठेवावी लागते, आणि त्यानंतरही वर्षभरात शिल्लक ४,००,००० बाटच्या खाली जाता कामा नये. हा नंतरचा भाग २०१९ पासून लागू आहे, आणि आपली शिल्लक नेमकी त्याच रेषेच्या खाली गेली आहे. भावाच्या ऑपरेशनसाठी आपण पैसे काढलेत यात आपण काही चुकलात असे मी म्हणणार नाही, कोणीही हेच केले असते. पण पासबुक कारण लिहीत नाही, त्यात फक्त आकडे आणि तारखा असतात. आज संध्याकाळी आपण संपूर्ण रक्कम परत भरली, तरी मुदत संपेपर्यंत ५२ दिवसच होतील, २ महिने होणार नाहीत. दरमहा ६५,००० बाट उत्पन्न दाखवण्याचा दुसरा मार्गही आपल्याला उपयोगाचा नाही, कारण ती रक्कम पावणेदोन लाख रुपयांच्या पुढे जाते आणि आपली पेन्शन ५८,००० रुपये आहे. उत्पन्न आणि ठेव मिळून वर्षाला ८,००,००० बाट करण्याच्या तिसऱ्या मार्गानेही आपली बेरीज कमीच पडते.

म्हणून माझा सल्ला असा, की ही मुदतवाढ ओढूनताणून वाचवू नये, जुनी मुदत आपण भारतात असतानाच संपू द्यावी आणि नव्या व्हिसाने पुन्हा सुरुवात करावी. मुदत संपताना आपण थायलंडच्या बाहेर असल्यामुळे हे मुदतीबाहेरचे वास्तव्य ठरत नाही. याउलट परत जाऊन, अर्ज नाकारला गेल्यानंतरही तेथेच राहिलात, तर दिवसाला ५०० बाट आणि जास्तीत जास्त २०,००० बाट दंड होतो, आणि अशा स्थितीत पकडल्या गेलेल्या माणसावर, वास्तव्य वर्षाच्या आतले असले तरी, ५ वर्षांची प्रवेशबंदी येते. मुलगी तेथे असताना ही जोखीम पत्करणे योग्य नाही.

नवा व्हिसा नॉन-इमिग्रंट ‘ओ’ प्रकारातील, निवृत्तीच्या कारणासाठीचा घ्यावा. महाराष्ट्रातील अर्जदारांचे काम मुंबईतील थाई वाणिज्य दूतावासाकडे आहे आणि जानेवारी २०२५ पासून हे अर्ज ऑनलाइन भरले जातात, त्यामुळे आपल्याला मुंबईच्या खेपा घालाव्या लागणार नाहीत. या अर्जालाही आर्थिक पुरावा लागतो, म्हणून आधी रक्कम पूर्ण करावी आणि मगच अर्ज भरावा. या व्हिसावर प्रवेश केल्यास ९० दिवसांची मुदत मिळते, आणि त्यातील शेवटच्या ३० दिवसांत टीएम ७ फॉर्म व १,९०० बाट शुल्क भरून वर्षाची मुदतवाढ मागायची असते. थाई बँकेतील खाते आपलेच आणि चालू असल्यामुळे रक्कम येथूनच पाठवता येईल, आणि अर्जाच्या खिडकीपर्यंत पोहोचाल तेव्हा २ महिने केव्हाच पूर्ण झालेले असतील. अर्जाच्या दिवशी सकाळी बँकेत जाऊन पासबुक भरून घ्यावे आणि बँकेचे पत्र त्याच दिवशीचे घ्यावे. अधिकाऱ्याने मधल्या उताराबद्दल विचारलेच तर रुग्णालयाचे बिल पुढे ठेवून खरे ते सांगावे. त्यासाठी बिलाची इंग्रजी प्रत आताच मागून घ्यावी, सहा महिन्यांनी मागायला गेलात तर ती सहज मिळेल असे नाही.

रक्कम कशी पाठवायची, याबद्दल आपण लिहिलेली एक ओळ वाचून मला काळजी वाटली. ‘ओळखीच्या एका व्यापाऱ्याला येथे रुपये दिले तर त्याचा माणूस तेथे बाट देईल’ हा मार्ग हवालाचा आहे. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ च्या कलम ३ ने तो निषिद्ध आहे आणि कलम १३ खाली गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. शिवाय असे बाट खात्यात भरले तर ते कोठून आले याचा कागद आपल्यापाशी राहत नाही. भाऊ मुदतठेव मोडून पैसे परत देणार आहेत, ते त्यांनी सरळ बँकेतून पाठवावेत. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते आणि जवळच्या नातेवाइकाला पाठवणे त्यात बसते. ४,६०,००० बाट म्हणजे १२ लाखांहून अधिक रुपये होतात, आणि वर्षातील १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आधीच वसूल करते. ती रक्कम बुडत नाही, भावाच्या विवरणपत्रात वळती होते. तरीही त्यांच्यावर तो भार नको असेल, तर वरचा हिस्सा आपल्या स्वतःच्या पेन्शनच्या शिलकीतून पाठवावा.

येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे, जी आपण विचारलेली नाही. आपली पेन्शन शाहूपुरीतील बँकेच्या ज्या बचत खात्यात जमा होते, ते अजून साधे निवासी खाते आहे. दोन वर्षे अनिश्चित काळासाठी परदेशी राहणाऱ्या माणसाला असे खाते चालू ठेवता येत नाही, ते अनिवासी सामान्य म्हणजे एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते. पेन्शन त्यात पूर्वीसारखीच जमा होते, आणि कर भरलेले चालू उत्पन्न म्हणून ती बाहेर पाठवताही येते. आपण आज कोल्हापुरात आहात, तेव्हा हे काम याच मुक्कामात उरकावे, पैसे पाठवण्याच्या आधी.

घरमालकिणीच्या नोंदीचे काम पत्रातून वाटते तितके अवघड नाही. आपल्याकडे अंबाबाईच्या दर्शनाला आलेला परदेशी पाहुणा लॉजवर किंवा कोणाच्या घरी उतरला, तर २४ तासांत त्याची वर्दी द्यावी लागते. थायलंडच्या कायद्याचे कलम ३८ तेच सांगते, आणि त्यासाठीचा फॉर्म टीएम ३० आहे. कर्तव्य घरमालकाचे आहे, दंडही त्याच्याच नावावर होतो, पण पावती नसेल तर मुदतवाढीच्या खिडकीवर अडतो भाडेकरू. मुलीने घरमालकिणीला भेटून तिच्या ओळखपत्राची आणि घराच्या निळ्या नोंदणी पुस्तकाची, म्हणजे तबियन बानची, सही केलेली प्रत आताच घेऊन ठेवावी. भाडेकराराची प्रतही जोडावी. करारावरील २५६८ हे वर्ष पाहून आपण गोंधळलात, तो थाई संवत आहे. त्यातून ५४३ वजा केले की २०२५ येते, म्हणजे करार बरोबर आहे. आपण पोहोचल्यावर २४ तासांच्या आत या कागदांवर टीएम ३० भरून पावती घ्यावी. त्याच पत्त्यावर परतणाऱ्याला दर वेळी नवी नोंद लागत नाही अशी सवलत २०२० पासून आहे, पण आपल्या बाबतीत मुळात पहिली नोंदच झालेली नाही आणि व्हिसाही नवा असेल, त्यामुळे त्या सवलतीवर विसंबू नये. प्रवासापूर्वीच्या ३ दिवसांत भरायच्या डिजिटल आगमन कार्डावरही हाच पत्ता, त्याच इंग्रजी स्पेलिंगसह लिहावा.

पुढील मुदतवाढीनंतर देशाबाहेर जाण्याआधी दर वेळी पुनःप्रवेश परवाना काढावा. वर्षात दोनपेक्षा जास्त फेऱ्या सहज होतील असे भावाच्या प्रकृतीवरून दिसते, म्हणून १,००० बाटच्या एकेरी परवान्याऐवजी ३,८०० बाटचा अनेक फेऱ्यांचा परवाना आपल्याला सोयीचा पडेल. खात्यात मात्र ८ लाखांव्यतिरिक्त थोडी रक्कम वेगळी ठेवावी, म्हणजे घरी पुन्हा अशी वेळ आली तर हात त्या ठेवीला लागणार नाही.

एनआरओ खात्याचा अर्ज आणि भावाने पाठवायच्या रकमेचे घोषणापत्र यांचा मसुदा मी तयार करून देईन. या आठवड्यात भावाला विश्रांतीची गरज नसेल अशा वेळी दोघांनी कार्यालयात यावे. येताना थाई पासबुकाची शेवटची तीन पाने, मुदतठेवीची पावती, रुग्णालयाचे बिल आणि पासपोर्टच्या सर्व शिक्के असलेल्या पानांच्या प्रती आणाव्यात. मूळ पासपोर्ट दाखवून लगेच परत घ्यावा, तो माझ्या कार्यालयातही ठेवून जाऊ नये.